नुसतं वाचायला काय हरकत?

फाइल कुणालाही वाचू द्यावी. बदलायची मुभा मात्र मोजक्यांनाच असावी. संगणकाच्या सुरक्षेबद्दल वर्षानुवर्षं माझं एवढंच मत होतं आणि ते मी बिनदिक्कत शिकवतही होते. एमएस-सीआयटीच्या वर्गावर असताना फोल्डर शेअर करायचं दाखवलं की मुलांना सांगायचे, 'रीड'ला खुशाल टिक करा, 'राइट'पाशी मात्र थांबून विचार करा. वाचणारा बघून निघून जातो, नुकसान करतो तो लिहिणारा, असा माझा सरळ हिशेब होता.

आज ते मत राहिलेलं नाही. कोल्हारला, म्हणजे कोल्हार-भगवतीपूरला, नगर-मनमाड रस्त्यालगत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. गावात कुणी त्याला सेतू म्हणतं, कुणी नुसतंच 'झेरॉक्स'. उत्पन्नाचे दाखले, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, शेजारी लोणीला कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या पोरापोरींची कागदपत्रं, अशी कामं. दिवसभर मी लोकांचे कागद वाचत असते, स्कॅन करत असते, पुढे पाठवत असते. अशी दुकानं आता मोठ्या गावांत सगळीकडे आहेत आणि 'नुसतं वाचायला काय हरकत' हे मत तिथे अजून पक्कं आहे. म्हणून माझं का बदललं, ते नीट मांडते.

ते मत मी कुठून उचललं, हेही सांगायला हवं. आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे माहितीच्या अधिकारासाठी लढले. राज्याचा कायदा २००२ चा, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, अण्णा मुंबईत उपोषणाला बसल्यावर. पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा आला. सरकारी कागद आपल्याला वाचता येतो, मागता येतो, ही भावना आमच्या पिढीच्या अंगात तिथून भिनली. मग सातबारा ऑनलाइन आला. उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि गट नंबर टाकून तोच उतारा पडद्यावर उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर येणारं समाधानही पाहिलं आहे. कागद दाबून ठेवणाऱ्याच्या हातात सत्ता असते आणि तो उघडा झाला की ती सत्ता कमी होते, हे मी मानत होते. आजही मानते. फक्त तोच न्याय मी संगणकातल्या प्रत्येक फाइलला लावून मोकळी झाले होते.

मग जुलै २०२१ मध्ये विंडोजमधला एक दोष उघड झाला. अधिकृत यादीत त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३६९३४. लोकांनी त्याला 'हाइव्हनाइटमेअर' आणि 'सीरियससॅम' अशी नावं दिली. जोनास लिकेगार्ड या संशोधकाला तेव्हा चाचणीत असलेल्या विंडोज ११ मध्ये एक विचित्र गोष्ट दिसली, आणि थोड्याच वेळात कळलं की विंडोज १० मध्येही, २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून, तेच आहे. आमच्याकडे तेव्हा पीक विम्याची गर्दी होती. रात्री दुकान बंद केल्यावर मी त्याबद्दल वाचत बसायचे.

दोष असा. विंडोजच्या 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये 'कॉन्फिग' नावाचं फोल्डर असतं. त्यात 'सॅम', 'सिस्टम' आणि 'सिक्युरिटी' या तीन फाइल असतात. मशीनवरच्या सगळ्या खात्यांच्या पासवर्डचे हॅश 'सॅम'मध्ये असतात. हॅश म्हणजे पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून काढलेली अक्षरांची ओळ. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड उलटा काढता येत नाही. 'सॅम'मधले हॅश आणखी सांकेतिक केलेले असतात, पण ती सांकेतिक भाषा उलगडायची किल्ली शेजारच्याच 'सिस्टम' फाइलमध्ये असते. या फाइल फक्त ॲडमिनिस्ट्रेटरला आणि खुद्द विंडोजला उघडता याव्यात, अशी अपेक्षा. या आवृत्त्यांमध्ये मात्र परवानगीच्या यादीत आणखी एक ओळ आली होती. ज्या मशीनला हा दोष होता तिथे आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत 'आयकॅकल्स' ही आज्ञा देऊन 'सॅम'ची परवानगी विचारली की उत्तरात 'बिल्टइन युझर्स' आणि त्यापुढे कंसात 'आर एक्स' दिसायचं. आर म्हणजे रीड, एक्स म्हणजे एक्झिक्यूट. मशीनवरच्या कुठल्याही साध्या खात्याला ती फाइल वाचण्याची मुभा होती. लिहिण्याची नव्हती.

माझ्या जुन्या हिशेबाने यात घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. 'डब्ल्यू', म्हणजे राइट, नाही ना, मग झालं! पण पुढे वाचत गेले तसा तो हिशेब एकेका पायरीवर मोडत गेला.

विंडोज पासवर्डचा हॅश करताना त्यात प्रत्येक खात्यागणिक वेगळी भर घालत नाही. त्यामुळे एकच पासवर्ड दोन मशीनवर असेल तर दोन्हीकडे हॅश तोच. सोपा पासवर्ड असेल तर शब्दांची यादी घेऊन एकेकाचा हॅश काढत जुळवून पाहता येतो. आणि तेवढेही कष्ट दर वेळी लागत नाहीत. विंडोजच्या नेटवर्कमध्ये काही ठिकाणी मूळ पासवर्डऐवजी नुसता हॅश हाती असला तरी आत शिरता येतं. ज्याने या फाइल फक्त वाचल्या, तो ॲडमिनिस्ट्रेटर होऊ शकतो. आणि ॲडमिनिस्ट्रेटर झाला की मशीनवरची हवी ती फाइल लिहू शकतो, पुसू शकतो. वाचणं आणि लिहिणं यांच्यात मी जी भिंत मानली होती, ती या तीन फाइलपाशी नव्हतीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या दोषामुळे कुणी इंटरनेटवरून थेट मशीनमध्ये घुसू शकत नव्हतं. आधी त्या मशीनवर साध्या खात्याने काहीतरी चालवता यायला हवं. मोठ्या ऑफिसातल्या माणसाला यावर हायसं वाटेल. माझ्या दुकानात दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागतात, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइल उघडल्या जातात, परगावी शिकणाऱ्या मुलाने पाठवलेली पीडीएफ आई छापून मागते. 'आधी काहीतरी चालवता यायला हवं' ही अट आमच्यासारख्यांकडे रोज सकाळीच पुरी होते.

या प्रकरणातला खरा धडा मला अजून पुढे सापडला. विंडोज चालू असताना 'सॅम' फाइल सतत वापरात असते, त्यामुळे परवानगी असली तरी ती थेट उघडत नाही. मग वाचली कशी जात होती? विंडोज अधूनमधून डिस्कची छाया-प्रत काढून ठेवतं, काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. डिस्क १२८ जीबीपेक्षा मोठी असली की अपडेट बसवताना अशी प्रत बहुधा आपोआप निघते. त्या प्रतीतली 'सॅम' कुणी वापरत नसतं, म्हणून ती उघडते. आणि परवानग्या तर मूळ फाइलच्याच, जशाच्या तशा, प्रतीबरोबर आलेल्या. मूळ दस्त कपाटात कुलूपबंद आणि त्याची झेरॉक्स काउंटरवर पडलेली, असा तो प्रकार. झेरॉक्सचं मशीन चालवणाऱ्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं, याचं मला खूप वाईट वाटलं.

मायक्रोसॉफ्टने आधी तात्पुरता उपाय सांगितला आणि १० ऑगस्ट २०२१ ला अपडेट दिलं. त्यासोबतची सूचना मी पुन्हा पुन्हा वाचली. अपडेट बसवल्यावर परवानग्या दुरुस्त होतील, पण तेवढ्याने काम पुरं होणार नाही. आधीच्या छाया-प्रती तुम्हाला हाताने पुसाव्या लागतील. कारण दुरुस्ती आजच्या फाइलची होते. काल काढलेली प्रत कालच्याच परवानग्या घेऊन बसलेली असते. 'अपडेट केलं, आता निर्धास्त' असं मानणारे आपण सगळे या सूचनेपाशी अडकतो. आणि छाया-प्रती पुसायच्या म्हणजे मशीन बिघडलं तर मागे जायची वाटही पुसायची. फुकटात काहीच मिळत नव्हतं.

मग मी मागचा इतिहास वाचायला घेतला, आणि हे दुखणं जवळजवळ पासवर्डइतकंच जुनं असल्याचं दिसलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये अनेकांनी मिळून वापरायचा एक संगणक होता. एकदा दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइल दुरुस्त करत होते: एक होती लोकांनी लॉग-इन केल्यावर दिसायची स्वागताची सूचना, दुसरी पासवर्डची यादी. संपादनाच्या प्रणालीतल्या चुकीने दोन्ही फाइलची अदलाबदल झाली, आणि त्यानंतर जो लॉग-इन करेल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड येऊ लागले. युनिक्समध्ये तर हॅश असलेली पासवर्डची फाइल मुद्दामच सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली होती. खात्याच्या क्रमांकावरून नाव शोधायला अनेक प्रोग्रामना ती लागायची, आणि हॅश उलटा फिरवता येत नाही, मग वाचेना का कुणी, असा विचार. म्हणजे माझंच मत, माझ्याहून कितीतरी मोठ्या माणसांचं. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्येच लेख लिहून दाखवलं होतं की लोक इतके सोपे पासवर्ड ठेवतात की फाइल वाचून ते ओळखता येतात. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पहिला मोठा वर्म पसरला. त्याच्याजवळ ४३२ शब्दांची यादी होती आणि तो ती त्या वाचता येणाऱ्या फाइलमधल्या हॅशशी जुळवून पाहायचा. तो लिहिला होता याच रॉबर्ट मॉरिस यांच्या मुलाने. पुढे युनिक्सच्या घराण्यात हॅश त्या फाइलमधून काढून वेगळ्या, बहुतेक ठिकाणी 'शॅडो' नावाच्या, फाइलमध्ये नेले गेले, जी मुख्य व्यवस्थापकालाच वाचता येते. एवढं होऊन तीस वर्षांनी विंडोजमध्ये तीच फट पुन्हा उघडी राहिली.

माझ्या मताचा उरलासुरला खांब पडला तो मार्च २०२२ मध्ये. मॅक्स केलरमन या जर्मनीतल्या प्रोग्रामरकडे आदल्या वर्षी एक साधी तक्रार आली होती: सर्व्हरवरच्या नोंदींची एक गुंडाळलेली फाइल खराब निघते, उघडत नाही. त्याने ती दुरुस्त केली, पण अशा फाइल पुन्हा पुन्हा येत राहिल्या. त्याने त्या तपासल्या तेव्हा दिसलं की बिघाड दर वेळी फाइलच्या शेवटच्या आठ बाइटचा आहे आणि ते आठ बाइटही दर वेळी तेच. ते झिप फाइलच्या एका ठरावीक मजकुराचे होते. झिप बनवणाऱ्या प्रोग्रामला तर त्या नोंदी फक्त वाचायची मुभा होती. मग लिहिलं कुणी? शोधत शोधत तो लिनक्सच्या गाभ्यापर्यंत पोचला. २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून त्यात असा दोष होता की एखादी फाइल तुम्हाला वाचता येत असेल, तर तिचा मेमरीतला मजकूर बदलताही यायचा. या दोषाला 'डर्टी पाइप' म्हणतात. त्याआधी २०१६ मध्ये उघड झालेला 'डर्टी काउ' हा दोषही याच जातीचा होता, आणि तो २००७ पासून लिनक्समध्ये होता. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. त्या वेळच्या काही नव्या फोनपर्यंत 'डर्टी पाइप' पोचला होता.

सॅमच्या बाबतीत वाचलेल्या मजकुरातून किल्ली मिळत होती. इथे तर वाचायची परवानगी हीच लिहायची परवानगी होऊन बसली होती. या वाटेने हात लावण्यासाठी हल्ला करणाऱ्याची मुख्य गरज एवढीच होती: फाइल वाचता आली पाहिजे. जी फाइल वाचताच येत नव्हती, ती या वाटेने बदलता येत नव्हती.

हे झालं यंत्राचं. माझं मन मात्र पुरतं बदललं ते तेलंगणातल्या एका आधीच्या घटनेबद्दल वाचून. २०१८ मध्ये तिथे एकाला पकडलं. त्याने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येणारे दस्त उतरवून घेतले होते. त्यांवर खरेदी-विक्री करणाऱ्यांचे अंगठ्याचे ठसे होते आणि आधार क्रमांकही. त्याने त्या ठशांच्या रबरी नकला बनवल्या आणि लोकांच्या नावाने सिमकार्डं सुरू केली. कुठल्याही दस्तातलं एक अक्षर त्याने बदललं नव्हतं. कुठलंही कुलूप तोडलं नव्हतं. तो फक्त वाचत गेला.

आमच्याकडेही आधार आणि अंगठ्यावर बँकेतले पैसे निघतात. निराधार योजनेची म्हातारी माणसं त्यावरच असतात. तेलंगणाचं ते वाचून मी माझ्या दुकानातलं 'स्कॅन' नावाचं फोल्डर उघडलं आणि त्याची परवानगी पाहिली: 'एव्हरीवन', 'रीड'. मीच लावलेली, माझ्या जुन्या मताप्रमाणे, व्यवस्थित. आत आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, रेशनकार्ड, जातीचे दाखले, फोटो, सह्या. पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून आपुलकीने जपलेले. कित्येक फाइलच्या नावातच माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर होता. एकेका कुटुंबाची ओळख अख्खी त्यात होती, आणि दुकानातल्या कुठल्याही मशीनवरून, कुठल्याही खात्याने चाललेला कुठलाही प्रोग्राम ती वाचू शकत होता.

मे २०२२ च्या २७ तारखेला आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने एक पत्रक काढलं होतं. आधारची झेरॉक्स कुणालाही देत सुटू नका, शक्य तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि सायबर कॅफेत आधार डाउनलोड केलं तर तिथल्या सगळ्या प्रती कायमच्या पुसा, असं त्यात होतं. लोक गोंधळतील म्हणून ते २९ तारखेला मागे घेतलं गेलं. मला वाटतं, मागे घेतलं ही चूक झाली. भाषा थोडी सौम्य करता आली असती. त्यातली प्रती पुसण्याची ओळ माझ्यासारख्या दुकानदारांच्या भिंतीवर लावायला हवी होती.

यावर माझ्या ओळखीचे, माहिती अधिकारात उमेदीची वर्षं घालवलेले एक काका मला विचारतात, मग तूही आता कागद झाकणाऱ्यांच्या बाजूची झालीस का? त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कायद्यातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम बदललं. आधी त्या कलमात व्यापक जनहितासाठी अशी माहिती देता येईल असं लिहिलेलं होतं. आता तिथे 'वैयक्तिक माहिती' एवढ्यावरच नकार देता येतो. कायद्यात दुसरीकडे जनहिताचं कलम आहे, पण नकाराची सवय असलेल्या टेबलावर हे नवं वाक्य कसं वापरलं जाईल, ही काकांची भीती मला रास्त वाटते. ग्रामपंचायतीने पाणीपुरवठ्याच्या कामाला किती पैसे दिले, ती फाइल मला वाचायलाच मिळाली पाहिजे. त्या कामावरच्या मजुराचं पासबुक मात्र मला दिसण्याचं कारण नाही. सॅमसारख्या फाइलमध्ये लोकांच्या हिताचं काही नसतं, असते ती फक्त किल्ली. मी सगळ्याला एकच 'रीड' लावत होते, तेव्हा या दोन गोष्टी माझ्या नजरेत वेगळ्या नव्हत्या.

जुनं फोल्डर मी पुसलं. बॅकअपच्या डिस्कवरचं, व्हॉट्सॲपच्या डाउनलोडमधलं, रिसायकल बिनमधलंही पुसलं. छाया-प्रतींचा धडा असल्यामुळे शोधायचं कुठे कुठे ते ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना हे आवडलेलं नाही. "ताई, मागल्या साली दिलंय की आधार, असंल ना तुमच्याकडं?" असं विचारतात आणि नाही म्हटलं की पुन्हा घरी जायला कुरकुरतात. नदी ओलांडून आलेल्या माणसाला परत पाठवताना मलाही बरं वाटत नाही. काही जण दुसऱ्या दुकानात जातात, जिथे सगळं साठवलेलं असतं.

तरी थोडे दिवस कागद ठेवावेच लागतात. अर्ज त्रुटीत परत आला तर पुन्हा जोडायला लागतात. तेवढ्यापुरतं ते फोल्डर फक्त माझ्या खात्याला उघडतं. माझ्याकडे ऑपरेटर म्हणून असलेल्या पोरीला ते दिसत नाही आणि त्याचा तिला राग आहे. "माझ्यावर भरवसा नाय का, ताई?" तिने थेट विचारलं. तिच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण तिच्या खात्यातून पेनड्राइव्हवरचं काही चालून गेलं तर ते तिच्याच नावाने वाचणार, आणि मशीनला तिच्यात आणि त्याच्यात फरक कळणार नाही, हे मी तिला समजावते. तिला ते अर्धवट पटतं. त्रुटीतला अर्ज आला की तिला माझी वाट बघावी लागते, माझा चहा गार होतो, रांग थांबते, आणि आमचं त्यावरून अजून वाजतं.